रताळं, रताळु आणि डोळा : पहिल्या वर्षाची बॉटनी शिकवते तरी काय?

पंचवीसेक वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. वहिनी नुकतीच लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला आली होती. खंडेराव मार्केटात तिनं "रताळी द्या" म्हटलं आणि भाजीवाल्यानं किलोभर काहीतरी खरबरीत, मातकट, मुळ्यांच्या मिशा असलेलं तोलून दिलं. घरी येऊन कापलं तर आत गर्द जांभळं! गुजरातीत 'रताळु' म्हणजे आपलं कोनफळ, उंधियोत पडतं ते. आपल्या रताळ्याला इथे 'शक्करियां' म्हणतात. कोनफळही उपवासाला चालतं, त्यामुळे उपवास वाचला. पण त्या दिवशी आमच्याकडे जांभळा कीस झाला आणि तो विषय घरात अजून निघतो.

यंदा त्याच वहिनीच्या मुलीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, बीएस्सीला बॉटनी घेतलं. घेतलं म्हणण्यापेक्षा पदरात पडलं. बारावीला बी ग्रुप (म्हणजे जीवशास्त्राचा), मग नीट, मग नीटचे मार्क, आणि मग नव्या शैक्षणिक धोरणातलं ते 'मेजर-मायनर'चं कोडं. दर जून-जुलैत अशी शेकडो मुलं बॉटनीच्या वर्गात येऊन बसतात. पहिल्या आठवड्यातच त्यांच्यापुढे अशी विधानं येतात की घरी सांगितली तर आजी हसेल. बटाटा हे खोड आहे. कांदा म्हणजे पानं. टोमॅटो फळ आहे आणि अंजीर मात्र सरळसरळ फळ नाही. बोगनवेलीचं जे गुलाबी दिसतं ते फूल नव्हे.

भाची पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. कधीकाळी मीही याच शहरात हा विषय शिकले आहे. "आत्या, बटाटा खोड आणि रताळं मूळ. दोन्ही मातीत वाढतात, दोन्ही उकडून खातो. हे ठरवलं कोणी?"

प्रश्न रास्त आहे. आणि याचं उत्तर नीट कळलं की पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यासक्रम पाठ करावा लागत नाही, असं माझं मत आहे.

आधी एकच शब्द: डोळा

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. तो कांडं लावताना आधी डोळा बघतो. उसावर ठरावीक अंतरानं कडी दिसतात, प्रत्येक कड्यापाशी एक पान निघतं, आणि पान व खोड यांच्या बेचक्यात एक कोंब झोपलेला असतो. तोच डोळा. पुस्तकात कड्याला 'पेर' म्हणतात आणि डोळ्याला 'कक्षकळी'. हे दोन शब्द एकदा सांगून ठेवते, पुढे डोळाच म्हणू.

आता नियम. ज्याच्यावर पेरं आहेत, पेरांवर पानं आहेत (किंवा पानाचा वाळका खवला, नाहीतर नुसता वण आहे) आणि त्या पानाच्या बगलेत डोळा आहे, ते खोड. ज्याच्या बगलेत डोळा आहे, ते पान. ज्याच्यावर ना पेर, ना पान, ते मूळ.

अवयव दिसतो कसा, चवीला कसा, जमिनीच्या वर आहे की खाली, हे इथे मोजलंच जात नाही. तो कुठे उगवला आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे, एवढंच विचारायचं. लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणूस दिसला तर आपण त्याच्या नाकाडोळ्यांवरून नातं ठरवत नाही, "कुणाकडचे तुम्ही?" असं विचारतो. बॉटनीचा पहिला धडा तोच.

बटाटा हातात घ्या. त्याच्या डोळ्यांना आपण डोळेच म्हणतो, भाषा आपल्या आधीच तिथे पोचलेली आहे. प्रत्येक डोळ्याखाली भुवईसारखी एक बारीक रेघ असते, ती पडून गेलेल्या खवल्यासारख्या पानाची खूण. डोळ्यांमध्ये टाचण्या खोचून त्यांना क्रमानं दोरा गुंडाळत गेलात तर दोरा बटाट्याभोवती नागमोडी नव्हे, चक्राकार फिरतो. फांदीवर पानं ज्या क्रमानं लागतात तसाच. बटाटा म्हणजे अन्न साठवून फुगलेली, मातीत शिरलेली फांदी. उजेडात राहिला तर तो हिरवा पडतो, तेव्हा तर त्याचं बिंग पूर्णच फुटतं. (असा हिरवा बटाटा खाऊ नका. त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं.)

आल्यावरची कडी, हळदीच्या गड्ड्यावरचे खवले, सुरणाचा मधला कोंब हे सगळं त्याच घरातलं. कांदा उभा चिरा: तळाशी जी चिवट चकती आपण कापून फेकतो, तेवढंच त्याचं खोड. बाकी पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. लसणीची प्रत्येक पाकळी हा एकेक गुबगुबीत डोळा. लसूण सोलताना आपण डोळे सोलत असतो, हे मला कळलं त्या दिवशी जरा चमत्कारिकच वाटलं होतं.

"पण रताळ्यालाही कोंब फुटतातच की!"

भाची चूप बसणारी नाही. तिनं ओट्याखालच्या टोपलीतून कोंब आलेलं रताळं काढून माझ्यापुढे ठेवलं.

फुटतात, खरं आहे. पण नीट पाहिलं तर ते अस्ताव्यस्त असतात, बहुतेक एका टोकाला गर्दी करून. त्यांच्याखाली पानाचा वण नाही आणि त्यांच्यात क्रम नाही. हे आधीपासून ठरलेल्या जागी झोपलेले डोळे नव्हेत; गरज पडली म्हणून मुळानं ऐनवेळी तयार केलेले कोंब आहेत. अशा कोंबांना 'आगंतुक' म्हणतात आणि शब्द नेमका आहे. शेतकरी बटाट्याची लागवड डोळे असलेल्या फोडी करून करतो. रताळ्याची करताना मात्र वेलाचे तुकडे लावतो, कारण खात्रीचे डोळे वेलावर आहेत.

आमच्या वाड्यात जैन शेजारी आहेत, त्यांच्यामुळे 'कंदमूळ' हा शब्द बडोद्यात मराठी घरांतही रुळलेला. बटाटा, कांदा, गाजर, मुळा, सगळे एका ओळीत. त्या यादीमागचा प्रश्न वेगळा आहे: जमिनीतून उपटताना किती जीव दुखावतो. बॉटनीचा प्रश्न वेगळा: हा अवयव कोणाचा कोण. दोन्ही याद्या आपापल्या जागी ठीक, एकीनं दुसरी खोटी ठरत नाही.

जमिनीखाली ते मूळ हे जसं खोटं, तसं जमिनीवर ते खोड हेही खोटं. त्यासाठी बडोद्याहून बरं गाव नाही. वटोदर, म्हणजे वडाचं पोट, यावरून वडोदरा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. विश्वामित्रीकाठी सयाजीरावांनी १८७९ मध्ये वसवलेल्या सयाजीबागेत, आपल्या कमाटीबागेत, एखाद्या वडाखाली उभं राहून पारंबी हातात धरा. गुजरातीत तिला 'वडवाई' म्हणतात. ती निघते फांदीतून, लोंबते हवेत, मुलं तिच्यावर झोके घेतात. पण वरपासून खालपर्यंत चाचपलीत तरी एक पेर सापडणार नाही, एक पान नाही, एक डोळा नाही. पारंबी हे मूळ आहे. जमिनीला टेकलं की ते जाड होतं आणि खांबासारखं फांदीला तोलून धरतं. कोलकात्याजवळ शिवपूरच्या उद्यानातला प्रसिद्ध वड अडीचशे वर्षांहून जुना आहे. बुरशीनं पोखरल्यामुळे त्याचं मूळचं बुंध्याचं खोड १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं. झाड आजही उभं आहे, निव्वळ पारंब्यांवर. भरूचजवळचा नर्मदेच्या बेटावरचा कबीरवड ज्यांनी पाहिलाय त्यांना 'मूळ बुंधा कोणता' हा प्रश्न किती फोल आहे ते माहीत आहे.

काटा आणि काटा

या भागावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो आणि मुलं हमखास चुकतात, कारण ती काट्याकडे बघतात. काट्याच्या शेजाऱ्यांकडे बघत नाहीत.

लिंबाच्या फांदीवर काटा कुठे आहे? पानाच्या बगलेत, म्हणजे डोळ्याच्या जागी. म्हणून तो काटा म्हणजे टोकदार झालेली फांदी. बोगनवेलीचंही तेच. बाभळीचे काटे पानाच्या देठाच्या दोन्ही बाजूंना जोडीनं येतात. ती उपपर्णांची जागा, म्हणजे देठाच्या बुडाशी असणाऱ्या दोन चिमुकल्या पानांची. फड्या निवडुंगाचा फडा हे खोड आणि त्यावरचे काटे ही पानं. आणि गुलाब? गुलाबाचे काटे कुठेही येतात, त्यांना ना क्रम ना जागा. अंगठ्यानं बाजूला दाबलं की टचकन निघतात, कारण ते नुसतं सालीवरचं उगवलेलं टोक आहे. बोलीत चारही काटेच. बोचतातही सारखेच.

पानाचंही असंच. कडुलिंबाचं 'एक पान' म्हणून आपण जे खुडतो, ते खरं तर पानाचं एक दळ. त्याच्या बगलेत डोळा नसतो. ती पंधरा-वीस दळं जिच्यावर लागतात ती काडी जिथे फांदीला जोडते, तिथे बगलेत डोळा सापडतो. म्हणजे ते सगळं मिळून एक पान. हे ऐकून भाची वैतागली, पण तिला म्हटलं, महादेवाला बेल वाहतेस तेव्हा काय म्हणतेस? त्रिदळ. तिन्ही दळं मिळून एक पान मोजतेस ना? पुजेच्या ताटात हे गणित केव्हाच बरोबर होतं.

उंबराचं फूल

फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण म्हणतो, "काय, उंबराचं फूल झालात!" दिसत नाही ते उंबराचं फूल. दत्ताच्या देवळात औदुंबराला प्रदक्षिणा घालणाऱ्यांनी, गरुडेश्वरला नेमानं जाणाऱ्यांनीही ते पाहिलेलं नसतं. झाडाला फळं तर बुंध्यापासून लगडतात. फूल नाही तर फळ कुठून?

फूल आहे, आणि ते आपण रोज पायाखाली तुडवतो. उंबर म्हणजे आत वळून बंद झालेला फुलांचा गुच्छ. सूर्यफुलाची तबकडी डोळ्यांपुढे आणा; तिथेही एक फूल नसून शेकडो बारकी फुलं एका थाळीवर बसलेली असतात. आता त्या थाळीच्या कडा वर उचलून पुरचुंडी बांधा, फुलं आतल्या बाजूला. वर एक बारीक भोक राहू द्या. झालं उंबर. वड, पिंपळ, अंजीर, सगळ्यांचं असंच. या एका प्रजातीत जगभर साडेसातशेहून जास्त जाती आहेत.

मग परागकण आत नेणार कोण? मिलिमीटर-दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी. मादी त्या भोकातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की बहुधा तिचे पंख तिथेच तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, आणि येताना दुसऱ्या उंबरातून आणलेले परागकण बाकीच्या फुलांना लागतात. ती आतच मरते. तिची पिल्लं काही फुलांमध्ये पोसतात, इतर फुलांत बी धरतं. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी. ते माद्यांशी जुगतात, भिंतीला भोक पाडतात आणि बहुतेक उजेडात जगायला येतच नाहीत. माद्या पराग घेऊन उडतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. झाड माशीशिवाय बी धरू शकत नाही आणि माशी झाडाशिवाय वंश वाढवू शकत नाही.

"उंबर फोडून केंबरं काढू नयेत" असं जुनी माणसं म्हणत. उगाच खोलात शिरू नये या अर्थानं. बॉटनीचा विद्यार्थी नेमकं तेच करतो.

इथे हल्ली फोनवर फिरणारा एक प्रश्न येतोच: मग अंजीर शाकाहारी की नाही? पुण्याकडचं, पुरंदरचं जे ताजं अंजीर आपण खातो, त्या जातीला माशीची गरजच पडत नाही, बी न धरताच ते पिकतं. काही परदेशी जातींना, उदाहरणार्थ तुर्कस्तानच्या स्मर्ना प्रकाराला, माशी लागते. तिथे आत मेलेली माशी अंजिरातल्या पाचक द्रव्यानं बहुतांशी विरघळून जाते, आणि दाताखाली जे कुरकुरतं ते बी असतं. शेवटचा निर्णय ज्याच्या त्याच्या घरचा.

"वांगं फळ असेल, तर चतुर्थीला चालेल?"

हा प्रश्न वहिनीनं विचारला, चेहरा गंभीर ठेवून.

बॉटनीत फळ म्हणजे फुलातला बीजकोश पिकून झालेली वस्तू. बीजकोश म्हणजे फुलाच्या मध्यभागी असणारी, बी पोटात धरणारी पिशवी. या हिशोबानं वांगं, भेंडी, काकडी, मिरची, दुधी, टोमॅटो ही सगळी फळं, आणि गव्हाचा दाणाही फळच. उलट काजूचं बोंडू फळ नाही. तो फुगलेला देठ आहे, खरं फळ खाली लोंबणारी बी. स्वयंपाकघराची व्याख्या चवीवर चालते, बॉटनीची जन्मावर. अमेरिकेत १८९३ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, कारण आयात भाजीवर जकात होती आणि फळावर नव्हती. न्यायालयानं सांगितलं: बॉटनीच्या दृष्टीनं टोमॅटो फळ असेल, पण लोक त्याला भाजी समजतात, जकात भरा. चतुर्थीचा निकालही याच धर्तीवर लागतो. वांगं चालणार नाही.

लॅटिनचा छळ कशासाठी

परत त्या जांभळ्या किसाकडे येऊ. रताळं आणि रताळु यांत एका मात्रेचा फरक, पण दोन्हींचं गोत्र निराळं. रताळं म्हणजे इपोमिया बटाटास, गारवेलीच्या कुळातलं. रताळु म्हणजे डायोस्कोरिया अलाटा. आणि गंमत पहा, रताळ्याच्या शास्त्रीय नावातच 'बटाटा' बसलेला आहे! बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि मुळात तो रताळ्याचाच होता. दुसरा, डोळेवाला कंद मागाहून आला आणि त्याच नावावर हक्क सांगून बसला. तो आहे सोलॅनम ट्यूबरोसम, म्हणजे वांग्याचा सख्खा.

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत पक्की केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आडनाव आधी, नाव मागाहून. त्यापूर्वी एकेका झाडाचं नाव म्हणजे अख्खं वर्णनाचं वाक्य असे.

नावाच्या मागे नात्याची साखळी असते, आणि ती पाठ करण्याऐवजी चाखून पाहता येते. आपण कढीपत्त्याला कढीलिंब, गोडलिंब म्हणतो. बडोद्याच्या भाजीबाजारात तो 'मीठो लीमडो'. म्हणजे मराठी आणि गुजराती दोघींनीही त्याला कडुलिंबाचा गोड भाऊ ठरवलं, पानांच्या रचनेवरून. आता कढीपत्त्याचं दळ उजेडासमोर धरा. सुईनं टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतील, तेलाच्या ग्रंथी. लिंबूच्या झाडाचं पान धरा: तेच ठिपके. बेलाचं धरा: तेच. चुरगाळून वास घ्या. कढीपत्ता, लिंबू, संत्रं, बेल हे सगळे एका कुळातले, रूटेसी. कडुलिंब निराळ्या, मेलिएसी कुळातला. या दोन कुळांत भावकी आहे, पण दूरची. नाव ठेवणाऱ्यांचं एका उकारानं चुकलं. कढीलिंब लिंबाचा नव्हे, लिंबूचा.

"नावं सारखी बदलतात, मग पाठ का करायची?"

ही तक्रार खरी आहे आणि मी तिच्या बाजूनं आहे. मी शिकत होते तेव्हा बाभूळ ही अ‍ॅकेशिया निलोटिका होती. आता ती वॅचेलिया निलोटिका. झालं असं, की जनुकांच्या अभ्यासातून कळलं, अ‍ॅकेशिया म्हणून ज्या हजारभर जाती एकत्र नांदत होत्या त्या एका घरच्या नव्हेतच. घर फुटलं, तेव्हा आडनाव कुणाकडे राहणार यावर वाद झाला. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या २००५ च्या व्हिएन्नातल्या जागतिक परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे गेलं, २०११ च्या मेलबर्न परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. आफ्रिका आणि भारतातल्या बाभळींना नवं नाव घ्यावं लागलं. वाटणीत कोर्टकचेऱ्या झालेल्या घरांना हे समजावून सांगायला नको.

त्यातून कॉलेजात वर्गीकरण शिकवतात ते बेंथम आणि हुकर यांचं, १८६२ ते १८८३ या काळातलं. आणि संशोधक वापरतात ते जनुकांवर उभं असलेलं एपीजी वर्गीकरण, ज्याची चौथी आवृत्ती २०१६ ची. मुलांना वाटतं, जुनं का शिकायचं? कारण आपल्याकडच्या बऱ्याच हर्बेरियमची कपाटं, म्हणजे दाबून वाळवलेल्या नमुन्यांचा साठा, जुन्या क्रमानं लावलेली आहेत. शिवाय जुनं वर्गीकरण नुसत्या भिंगानं पडताळता येतं. एपीजीचा पाया डीएनएत आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. पण परीक्षेत दोन्हींची लांबलचक तुलना लिहायला लावणं, हे मला आजही वेळेचा अपव्यय वाटतं.

जास्वंदीनं दिलेली साक्ष

'अवयव ओळखायचा जागेवरून' हा नियम शहाण्या माणसांचा नुसता तर्क नाही, हे मला पटलं ते डबल जास्वंदीमुळे.

साधी जास्वंद घ्या. पाच पाकळ्या आणि मधून निघालेली एक लांब नळी, तिच्यावर पुंकेसर. आता गणपतीला वाहतो ती गच्च, डबल जास्वंद घ्या. तिच्या आतल्या पाकळ्या एकेक करून सोडवा. मध्येच अशी पाकळी मिळते जिच्या कडेला परागाची पिवळी गाठ चिकटलेली आहे. अर्धी पाकळी, अर्धा पुंकेसर. पुंकेसरांच्या पाकळ्या होता होता राहिलेला तो नमुना.

जर्मन कवी ग्योटे यानं १७९० मध्येच लिहून ठेवलं होतं की फुलाचे सगळे भाग म्हणजे रूपं पालटलेली पानं. दोनशे वर्षांनी, १९९१ मध्ये, कोएन आणि मायरोविट्झ या दोन शास्त्रज्ञांनी त्यामागची यंत्रणा मांडली. घरातल्या बोर्डावरची तीन बटणं समजा: ए, बी, सी. फुलात बाहेरून आत चार वर्तुळं. पहिल्यात फक्त ए चालू: हिरवी निदलं. दुसऱ्यात ए आणि बी: पाकळ्या. तिसऱ्यात बी आणि सी: पुंकेसर. चौथ्यात फक्त सी: बीजकोश. सी बिघडलं की ए त्याच्या जागेवर हातपाय पसरतं आणि पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. बागेतली डबल फुलं बरीचशी अशा बिघाडातून आलेली आहेत. आणि तिन्ही बटणं बंद केलेल्या रोपाला फुलाच्या जागी काय आलं? पानांसारखे हिरवे अवयव. ग्योटे काही प्रयोगशाळेत बसला नव्हता.

"फोन दाखवला की नाव येतं, मग हे शिकायचं कशाला?"

येतं. बऱ्याचदा बरोबरही येतं. पण फोन चेहरा ओळखतो. दारावर तोरणाला लावतो तो उंच, सरळ 'अशोक' (गुजराती आसोपालव) आणि अशोकारिष्टात ज्याची साल लागते तो सीता अशोक ही दोन अगदी वेगळी झाडं. पहिला सीताफळाच्या कुळातला, दुसरा शेंगांच्या. बाजारात औषधी सालीत तोरणाच्या अशोकाची साल मिसळली जाते, ही भेसळ जाणकारांना जुनी ठाऊक आहे. पोत्यातल्या सालीच्या भुग्याला ना पान ना फूल. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो, आणि कोणत्या झाडाच्या सालीत कोणत्या पेशी असतात हे ठाऊक असलेला माणूस. औषध कंपन्यांच्या तपासणी विभागात, बियाणे तपासणीत, पीक सुधारणेत बॉटनीवाल्यांना नोकऱ्या आहेत त्या या कारणानं. पगार इंजिनियरइतके नाहीत, हे भाचीला आधीच सांगून टाकलं.

तो माणूस घडतो प्रॅक्टिकलला. गाजराची किंवा बटाट्याची फोड चिरून तिच्यात कोवळं मूळ धरायचं, ब्लेडनं सपासप काप घ्यायचे, वॉचग्लासातल्या पाण्यात तरंगवायचे, सगळ्यात पातळ काप ब्रशनं उचलून सॅफ्रनिन नावाच्या लाल रंगात रंगवायचा. मुळात पाण्याच्या नळ्या आणि अन्नाच्या नळ्या आळीपाळीनं बसलेल्या असतात, खोडात एकाच ओळीत जोडीजोडीनं. बाहेरून डोळा सापडला नाही तर आतून खात्री करायची ती अशी. पहिले काही दिवस काप जाड येतात, बोटं कापतात आणि जर्नलमध्ये काढलेलं चित्र स्लाइडवरून नव्हे, पुस्तकावरून काढलेलं असतं. सगळेच करतात.

मग हा नियम सगळीकडे चालतो?

नाही. शेवाळांना मूळ-खोड-पान ही भाषाच लागू नाही. बुरशी तर वनस्पतीच नव्हे, तरी जुन्या सवयीनं बॉटनीच्या पुस्तकात तिचं बिऱ्हाड आहे. पण फुलणाऱ्या झाडांतही एक अशी आहे जी या नियमाला हातावर तुरी देते.

कासच्या पठारावर पावसाळ्याच्या शेवटी ओल्या खडकांवर निळ्या-जांभळ्या फुलांचा सडा पडतो. सीतेची आसवं. फूल बोटाच्या पेराहून लहान, पण झाड मांसाहारी: ओल्या मातीत त्याच्या तंतूंवर सूक्ष्म पिशव्या असतात आणि पाण्यातले बारीक जीव त्यांत क्षणार्धात ओढले जातात. या वनस्पतीला खरं मूळ नाही. मातीत पसरणारे ते तंतू खोड म्हणावेत तर खोडासारखं वागत नाहीत, पान म्हणावीत तर पानासारखे नाहीत. त्यांना काय म्हणायचं यावर अभ्यासक अजून भांडतात, आणि काही जण तर म्हणतात की खोड-पान अशी काटेकोर विभागणी इथे करूच नये.

हे भाचीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा पुस्तक मिटून बसली. कास वहिनीच्या माहेरापासून तासाभराच्या आत आहे. सप्टेंबरात जायचं ठरलंय. भिंग तिनं घ्यायचं, तिकिटं आत्यानं काढायची.